धरलेला सूर

दि. ६ मार्च

चि. धाकट्यास अ. उ. आ.

तुझं पत्र मिळालं. इतक्या महिन्यांनी बहिणीची आठवण झाली, ती का, तर स्मरणिकेला मजकूर हवा. तुझ्या गिटारच्या शाळेला पंचवीस वर्षं झाली म्हणून शिष्य पुस्तक छापताहेत आणि सरांचं बालपण मोठ्या बहिणीने लिहावं असं त्यांच्या डोक्यात आलंय. मी चौथीत शाळा सोडलेली बाई. माझं लिहिणं बघून हसतील. हसले तर हसू देत, मला काय त्यांच्या वर्गात बसायचंय?

मागितलंस तर घे. बाबांच्या सायकलच्या दुकानातून तू ब्रेकची तार चोरलीस. एक खिळा मागच्या दाराला ठोकलास, एक चौकटीला, मध्ये तार ताणलीस आणि तिच्याखाली औषधाची रिकामी बाटली अडकवलीस. तार छेडायचं काम तुझं, दार धरायचं माझं. दार इतकंसं उघडलं की सूर वर चढायचा, लोटलं की खाली यायचा. माझे पाय भरून यायचे, पण तुझं समाधान होत नसे. जरा जास्त उघडलं की अंगावर यायचास, की सूर रडवायचाय, किंचाळवायचा नाही. मग बाबा आले आणि एक सणसणीत ठेवून दिली ती मला, कारण दाराशी मी उभी. तू पलंगाखाली. हे छाप.

पुढे तू हॉटेलातल्या बँडबरोबर पळालास, बोटीवर वाजवलंस, कुणाकुणाच्या मागे दुसरी गिटार धरून उभा राहिलास. ते मी पाहिलं नाही, म्हणून लिहीत नाही. तुझी टेप मात्र ऐकली. ब्लूज की काय ते. कुणीतरी दार अर्धवट उघडून रडतंय असं वाटलं. मग बंद केली, कारण लाँड्रीत हॉस्पिटलच्या चादरींचा डोंगर पडला होता आणि त्या रडून वाळत नाहीत.

आता पुरे. पेन फार वेळ धरवत नाही, तळव्यावरची ती जुनी जागा ओढते. तुझ्या घरच्या मास्तरीणबाईंना आशीर्वाद सांग. लोभ आहे तेवढाच राहू दे, वाढवलास तर मला पुन्हा लिहावं लागेल.

तुझी,
अक्का

*

दि. १९ मार्च

ती. अक्कास सा. न. वि. वि.

तुझा मजकूर एक अक्षर न बदलता छापायला दिला. पलंगाखालचा भाग शिष्यांनी मोठ्याने वाचला आणि आता मी वर्गात रागावलो की कुणीतरी हळूच टेबलाखाली बघतं. माझी पंचवीस वर्षांची जरब तू एका पानात संपवलीस.

पण दाराची गोष्ट मी दोनदा वाचली. मी आजही मुलांना तेच शिकवतो गं. तार नुसती दाबायची नाही, बोटाने वर ढकलत न्यायची, सूर रडला पाहिजे. हे मला वस्तादांनी शिकवलं असं मी सगळीकडे सांगत आलो, आणि त्यांच्याआधी दाराशी तू होतीस.

वस्तादांबद्दल तुला कधी नीट लिहिलं नाही. त्यांच्यामागे मी सात-आठ वर्षं दुसरी गिटार वाजवली. ते अनवाणी वाजवायचे. ताल पायातून वर चढतो म्हणायचे. माझ्या वर्गातही दाराबाहेर चपलांची रांग असते. खाली टायरचं दुकान आहे, तिथल्या लोकांना वाटतं वर कुणी साधू राहतो. वस्तादांचा अ‍ॅम्प्लिफायर, म्हणजे गिटारचा आवाज मोठा करणारा तो जुना खोका, ते गेल्यावर माझ्याकडे आला. असे खोके सुरू केले की घरघरतात. त्यावर वस्तादांचा साधा उपाय होता. प्लगच्या तीन पिनांतली जाडी पिन पकडीने मोडून टाकायची, घरघर बंद. मी तो प्लग तसाच ठेवलाय. सुराआधी शांतता, हा माझा पहिला धडा आहे. नव्या मुलांना मी आधी खोक्यासमोर बसवून नुसती शांतता ऐकवतो.

आणि मग वस्ताद गेले कसे, ते सांगतो. मैदानावर कार्यक्रम होता. धूळ उडू नये म्हणून नुकतंच पाणी मारलेलं. शेवटचं गाणं. डाव्या हाताने तार वर ढकललेली, उजव्या हाताने त्यांनी माईक जवळ ओढला आणि सूर धरला. तो सोडेचनात. मान मागे, डोळे उघडे, अंग ताठ. एवढा लांब सूर कुणी कधी ऐकला नव्हता. लोक उठून उभे राहिले, आम्ही मागचे वादकही टाळ्या वाजवायला लागलो. मग ते कोसळले. डॉक्टर म्हणाले, हृदय. पण मूठ गिटारवर अशी आवळलेली होती की आम्हाला एकेक बोट उलगडावं लागलं. मी मुलांना सांगतो, ब्लूज म्हणजे हे. जीव गेला तरी सूर सुटला नाही.

तो खोका अजून खोडकर आहे. गाताना माईकला ओठ लागला की मुंग्या येतात, कधी चांगला चटका बसतो. माझी सगळ्यात गुणी शिष्या आहे, अंगाने एवढीशी म्हणून तिला सगळे चिमणी म्हणतात. ती म्हणते वस्ताद चिमटा काढून हजेरी घेतात.

मेमध्ये टायरच्या दुकानामागच्या पटांगणात आमचा सोहळा आहे. ये ना. तुझ्या लोभाची मला हावच आहे, आटोक्यात ठेवायला सांगू नकोस.

तुझा,
धाकटा

*

दि. २५ मार्च

चि. धाकट्यास आ.

पत्र दुपारी आलं. अर्ध्यावर पोचले आणि मागे गेले. पुन्हा वाचलं. मग लाँड्रीतल्या बाईला चादरींच्या कामाला बसवलं आणि हे लिहायला घेतलं. नीट वाच, हसण्यावारी नेऊ नकोस.

माझ्या उजव्या तळव्यावर डाग आहे तो तू पाहिलायस. तेव्हा मी तुला भाजलं एवढंच कळवलं होतं, कारण तू बोटीवर होतास आणि उगाच घोर कशाला लावायचा. भाजलं नव्हतं नुसतं. लाँड्रीची फरशी ओली होती, मी अनवाणी. इस्त्री उचलली आणि तिने मला धरलं. मी इस्त्रीला नाही, इस्त्रीने मला. मूठ उघडावी म्हटलं तर उघडेना, उलट आवळत गेली. अंग असं ताठ झालं की मान मागे गेली. मी जीव खाऊन ओरडत होते, पण तोंडातून आवाज निघत नव्हता. शेजारच्या टेबलावरची बाई मला म्हणाली की उभ्या उभ्या डुलक्या काय घेतेस. तिला तसंच दिसत होतं. मग जळका वास आला तेव्हा तिने पायातली रबरी चप्पल काढून बटणावर हाणली. माझी बोटंसुद्धा एकेक करून उलगडावी लागली होती.

आता तुझ्या वस्तादांचं पुन्हा वाच. ओली जमीन. अनवाणी पाय. एका हातात तार, दुसऱ्यात माईक. मान मागे, अंग ताठ. पिन मोडलेला खोका.

अरे, त्यांनी सूर धरलेला नव्हता. त्यांना धरलेलं होतं.

आणि तोच खोका तू घरी आणलास, त्याच्यापुढे दुसऱ्यांची पोरं अनवाणी बसवतोस, आणि तो चावतो म्हणून विनोद करतोस! डोकं ठिकाणावर आहे का? ती पिन शोभेला बसवलेली नसते. मला विजेतलं काही कळत नाही, पण धरलं की कसं असतं ते मला कळतं. हे पत्र हातात आहे तोवर उठ, प्लग काढ, आणि कुणीतरी जाणता बोलावून पिन बसवून घे. घरघरला तर घरघरू दे. म्हातारी माणसं घरघरतात, म्हणून कुणी त्यांचा गळा दाबत नाही.

उत्तर लगेच टाक. लोभाचं नंतर बघू.

अक्का

*

दि. ९ एप्रिल

ती. अक्कास सा. न.

उत्तर उशिरा देतो आहे, कारण आधी लिहिलेली दोन फाडली.

तुझी काळजी समजते. पण तू तिथे नव्हतीस, मी होतो. हाताच्या अंतरावर होतो. वस्तादांनी चाळीस वर्षं त्या खोक्यावर वाजवलं आणि त्यांच्या पश्चात मी पंचवीस वाजवतो आहे. तुझी इस्त्री वेगळी, हे वेगळं.

तू म्हणतेस ते खरं असेल तर आम्ही सगळे टाळ्या कशाला वाजवत होतो, याचा जरा विचार कर, आणि मग मला असं काही लिहू नकोस.

प्रकृतीला जप. लोभ आहेच.

धाकटा

*

दि. १३ एप्रिल

चि. सौ. मास्तरीणबाईंस अ. आ.

तू शाळेत एवढ्या पोरांना गप्प बसवतेस, एका नवऱ्याला बसवता येत नाही? मी त्याला काय लिहिलं ते त्याने दाखवलं नसेलच. खिसे बघ, नाहीतर गिटारच्या पेटीत बघ, लहानपणी प्रगतिपुस्तक तो अशाच जागी लपवायचा. वाच आणि मग पुढचं वाच.

तो माझ्यावर चिडलाय. चिडू दे. मी बोलले त्यात त्याच्या वस्तादांचं मरण लहान झालं, आणि आपण टाळ्या वाजवत होतो हे त्याच्या घशात अडकलंय. मला कळतं ते. पण मेलेल्या माणसाचा मान राखायला जिवंत माणूस द्यायचा नसतो.

तू त्याच्याशी भांडू नकोस, भांडलं की तो पलंगाखाली जातो. बोलायची बंद हो. त्याला बोलल्याशिवाय जेवण जात नाही. पिन बसेपर्यंत एक शब्द काढू नकोस.

आणि सोहळ्याच्या दिवशी, पिन बसलेली असो नसो, तू पहिल्या रांगेत मिरवत बसू नकोस. बटणाचा बोर्ड जिथे असेल तिथे उभी राहा. पायात रबरी चपला घाल, साडीवर शोभत नसल्या तरी. काही झालं तर त्याला हात लावायचा नाही. कितीही जीव तुटला तरी त्याला ओढायचं नाही, नाहीतर दोघं जाल. आधी बटण. मग तो.

हे पत्र फाडू नकोस, पुन्हा पुन्हा वाच. तुझ्यावर माझा लोभ आहे, तो मी सहसा लिहीत नाही.

वन्सं

*

दि. २ मे

ती. अक्कास सा. न. वि. वि.

तू जिंकलीस. तुझ्या भावजयीने मौनव्रत धरलं आणि घरात भांड्यांचे आवाज सोडले तर काही ऐकू येईना. अकराव्या दिवशी मी खोका खांद्यावर घेतला आणि दुरुस्तीवाल्याकडे नेला. त्याने प्लग बघून मला एवढंच विचारलं की तुम्ही अजून जिवंत कसे. पण तो जरा नाटकीच माणूस आहे.

नवा प्लग बसला. तीन पिना, फुटलेली वीज जमिनीत नेणारी जाडीसुद्धा. माईक आता चावत नाही. आणि खोका घरघरतो. अक्का, तुला कल्पना नाही येणार. खोलीत कुणीतरी घोरत पडावं तसा तो सतत चालू असतो. पहिल्या दिवशी मी बटण दाबलं तेव्हा मुलांनी माझ्या तोंडाकडे बघितलं. मी गिटार जुळवायला घेतली. शांतता ऐकवायचा पहिला धडा आता मला देता येत नाही. चिमणी वर्ग संपल्यावर थांबली आणि म्हणाली की सर, हा तुमचा आवाज नाही, कुणीतरी तुमच्या आवाजावर पाय ठेवून उभं आहे. मी तिला म्हटलं, सवय होईल. ती म्हणाली, सोहळ्याला वस्तादांचे जुने श्रोते येणार आहेत, त्यांना हे ऐकवायचं का? डोळ्यांत पाणी होतं पोरीच्या. पंचवीस वर्षं मीच यांच्या कानात शांतता भरली, आता कुठल्या तोंडाने सांगू की ती नको?

तुझं कारण मी मुलांना सांगितलं नाही. एवढंच म्हटलं की प्लग जुना झाला होता. वस्तादांची गोष्ट मी जशी सांगत आलो तशीच राहू दे. एवढं तरी माझ्याकडे ठेव.

येत्या चौदाला सोहळा आहे. तू येत नाहीस, चादरींना तुझ्यावाचून करमत नाही, असं दिसतं. स्मरणिका पाठवतो. लोभ कर, आणि तुझ्या भावजयीला सांग की आता बोलायला हरकत नाही.

धाकटा

*

दि. १७ मे

ती. वन्संना सा. न.

हे जिवंत आहेत. पहिलं वाक्य हेच लिहायचं म्हणून तीन दिवस कागद घेऊन बसत होते. हॉस्पिटलमध्ये आहेत, शुद्धीवर आहेत. आता सगळं सांगते.

चौदाला संध्याकाळी पटांगण भरलं होतं. दुकानातल्या मुलांनी धूळ बसावी म्हणून पाणी मारलं होतं. ते बघून मला तुमचं पत्र आठवलं आणि मी मंचामागे बटणाच्या बोर्डापाशी जाऊन उभी राहिले. पायात तुम्ही सांगितलेल्या चपला. लोक हसत होते, एका शिष्याने तर पुढे खुर्ची राखलीय म्हणून ओढायला सुरुवात केली. मी हलले नाही.

ह्यांनी खोका सुरू केला आणि घरघर झालीच नाही.

वन्सं, मला आधी आनंद झाला. इतके दिवस त्या आवाजाने हे कष्टी झालेले, मला वाटलं, चला, दुरुस्तीवाल्याने काहीतरी जमवलं. ह्यांनीही मान वळवून खोक्याकडे बघितलं. एक क्षण थांबले. मग असे हसले, जसे मी त्यांना कित्येक दिवसांत हसताना पाहिलं नव्हतं, आणि अनवाणी माईककडे निघाले. आणि मला तुमची ती ओळ आठवली, की पिन शोभेला नसते. मी वाकून प्लगकडे बघितलं. दोनच पिना आत गेलेल्या, जाडीची जागा रिकामी. मान वर केली तर ह्यांनी तार वर ढकलली होती आणि दुसरा हात माईकवर.

सूर लागला आणि थांबेना. मान मागे. डोळे उघडे. लोक उभे राहिले. टाळ्या, वन्सं. इतक्या टाळ्या की मला माझा आवाज ऐकू येत नव्हता. वस्तादांना ऐकलेले म्हातारे श्रोते रडत होते आणि टाळ्या वाजवत होते. हे माझ्याकडे बघत होते. मी त्यांच्याकडे धावायला एक पाऊल टाकलं, खरं सांगते, टाकलं. मग तुमचं आधी बटण, मग तो. मी मागे फिरले आणि सगळी बटणं पाडली.

सूर तुटला. हे पडले. आणि मागून कुणीतरी ओरडलं, की त्या बाईला बाजूला करा.

डाव्या हाताची दोन बोटं गेल्यात जमा आहेत असं डॉक्टर म्हणतात. राहतील, पण वाकणार नाहीत. ते अजून ह्यांना सांगितलेलं नाही.

पिन चिमणीने मोडली. तिनेच येऊन मला सांगितलं. सरांना शांतता परत द्यायची होती म्हणाली. त्यांच्या नकळत, भेट म्हणून. मी तिच्या थोबाडीत मारणार होते, पण ती इतकी लहान दिसत होती की माझा हात उठला नाही. तिला कुणी सांगितलं होतं, वन्सं? कुणीच नाही.

तुमचा लोभ त्या दिवशी माझ्या पायात होता, म्हणून हे लिहिते आहे.

तुमची,
मास्तरीण

*

दि. ११ जून

ती. अक्कास सा. न. वि. वि.

घरी आलो. उजवा हात चांगला आहे, म्हणून लिहू शकतो. डावा टेबलावर ठेवलाय आणि तो माझा आहे असं वाटत नाही. बोटांचं मला कळलं. कळलं तेव्हा रडलो नाही, मला आधी तुझं दार आठवलं.

तू म्हणालीस ते सगळं खरं. मी ओरडत होतो, अक्का. सगळ्या ताकदीने ओरडत होतो. मला लोक दिसत होते, त्यांचे हात दिसत होते. मी वस्तादांच्या मागे उभा होतो तेव्हा ते कुणाकडे बघत होते, हे मला आता कळलं.

परवा वर्गात गेलो. मुलांना सगळं सांगितलं. वस्तादांचंही. पिन म्हणजे काय, मूठ का उघडत नाही, सगळं. पंचवीस वर्षं मी तुम्हाला खोटी गोष्ट सांगितली, असंही म्हटलं. सगळी शांत बसून ऐकत होती, माझ्या वर्गात शांत बसायला मुलं शिकलेली आहेत. मी थांबलो. मग मागून एकाने अगदी आदराने विचारलं, की सर, तेव्हा तुम्ही कोणता सूर धरला होता?

मला काही बोलता आलं नाही.

खोका त्यांनी कोपऱ्यात उंच फळीवर ठेवलाय. फळीवर रंगाने वस्तादांचं नाव लिहिलंय, त्याखाली माझं. छान अक्षर आहे. खाली थोडी जागा मोकळी आहे. येत्या रविवारी माझ्या सन्मानाला कार्यक्रम आहे, चिमणी वाजवणार. त्या खोक्यावरच, असा सगळ्यांचा आग्रह. मी पुन्हा नवा प्लग बसवून घेतला होता. काल सहज पाहिलं तर दोनच पिना. कुणाचं काम, ते विचारायचं धाडस झालं नाही. ती पोरगी हल्ली रस्त्यानेही अनवाणी चालते.

खोका फोडून टाकावा असं वाटतं, आणि मग वस्तादांचा आहे असं वाटतं. तू असतीस तर बरं झालं असतं. तुझ्या लोभाला पात्र राहू दे.

धाकटा

*

दि. १४ जून

चि. धाकट्यास,

आशीर्वाद मागाहून, आधी हे वाच.

कोणता सूर, असं त्याने विचारलं तेव्हा तू गप्प का बसलास? सांगायचं होतंस की सूर नव्हता, मी तुम्हाला हाका मारत होतो आणि तुम्ही टाळ्या वाजवत होतात. पण तू नाही सांगणार. तुझ्या जिभेला गोष्ट छान सांगायची सवय लागलीय, त्यामुळे खरं सांगितलंस तरी पोरांना ते गाणंच वाटतं. आणि फळीवरची ती मोकळी जागा कुणाच्या नावासाठी ठेवलीय, हे तुला विचारावंसं वाटलं नाही? मला तर पत्र वाचतानाच त्या जागेवर अक्षरं दिसली.

खोका वस्तादांचा आहे म्हणतोस. वस्ताद असते तर त्यांनीच तो आधी फोडला असता. त्यांना विचारायची सोय त्या खोक्याने ठेवली नाही.

मी निघतेय. लाँड्रीवाल्याला सांगितलंय की चादरी तूच दाब. शनिवारी सकाळी तुझ्याकडे पोचते. हे पत्र कदाचित माझ्यामागून येईल, तरी टाकतेय, कारण रस्त्यात मला काही झालं तर तुला कुणीतरी शिव्या घालायला हव्यात.

तुझ्या वर्गात मी भाषण करणार नाही. त्या पोरीला समोर बसवीन, माझा तळवा तिच्या हातात देईन आणि तुझी बोटं शेजारी ठेवीन. वाकवून बघ म्हणेन. हलक्या हाताने नाही, सगळा जोर लावून. जोवर तिला स्वतःहून रडू फुटत नाही, तोवर सोडणार नाही. त्यानंतर ज्याला सुराचं विचारायचंय त्याने माझी रबरी चप्पल बघून विचारावं.

आणि रविवारी मी तुझ्या शाळेच्या दारात उभी असेन. खोका खाली रस्त्यावर जाऊन त्याचे तुकडे होईपर्यंत एकालाही आत सोडणार नाही, तुलासुद्धा नाही. बाबांनी त्या दिवशी मला मारलं तरी मी दार सोडलं नव्हतं, हे तू पलंगाखालून पाहिलंयस. दार कसं धरायचं ते मला माहीत आहे.

मास्तरीणबाईंना म्हणावं, तोवर बटणापासून हलू नकोस.

लोभाचं काय ते समोरासमोर बोलू. तू आधी पायात चपला घाल.

अक्का